घरचे ऊन पाणी : जुना बंब आणि नवी साधने

गृहव्यवस्थेतील काही प्रश्न असे असतात की, ते दररोज पहाटे उपस्थित होतात, आणि दररोज होतात म्हणूनच त्यांचा विचार करावयाचे कोणास सुचत नाही. स्नानाचे पाणी तापविणे हा त्यांपैकीच एक प्रश्न होय. धान्याचा भाव, दुधाचा रतीब, परटाचे कपडे यांचा हिशेब चोख ठेवणाऱ्या घरांतही ऊन पाण्याचा हिशेब मांडलेला सहसा आढळत नाही. बंबास भोक पडले, बंबफोड मिळेनाशी झाली, किंवा वाडा पाडून त्या जागी सदनिका उभ्या राहिल्या, म्हणजे मग हा प्रश्न एकाएकी डोके वर काढतो, आणि घरात तीन पक्ष पडतात. वडील मंडळी म्हणतात, बंबाच्या पाण्याची सर दुसऱ्या कशास नाही. तरुण मंडळी म्हणतात, बटण दाबावे व मोकळे व्हावे. आणि ज्याच्या हाती घरखर्चाची वही असते तो विचारतो, महिन्याकाठी बिल किती येणार?

तिन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु खरा प्रश्न जुने की नवे, हा नव्हे. आपण विकत घेतलेल्या उष्णतेपैकी पाण्यास किती पोहोचते व वाटेत किती गळते, हा खरा प्रश्न होय. ही गळती कोठे आहे हे ज्याने शोधले, त्यास साधनाची निवड करणे कठीण जात नाही. ज्याने ते शोधले नाही, त्याने कितीही महागाचे यंत्र आणून बसविले तरी जुन्या जागची गळती नव्या जागी सुरू होते, एवढेच. शिवाय या प्रश्नात केवळ पैशाचाच संबंध येतो असेही नाही. कोणाच्या तरी फुप्फुसांचा आणि एखादे वेळी तर प्रत्यक्ष प्राणाचाही संबंध येतो. म्हणून या विषयाचा थोडा सविस्तर विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

बंबाची रचना

बंबास जुनाट म्हणून हिणविण्याची चाल आता पडली आहे. परंतु त्याची रचना लक्षपूर्वक पाहिली तर ती करणारास उष्णतेचे मर्म कळले होते, असेच म्हणावे लागेल. चुलीवर हंडा ठेवला म्हणजे अग्नी खाली व पाणी वर, अशी स्थिती असते. ज्वाळा हंड्याच्या कुशीस चाटून बाहेर पडतात व पुष्कळशी उष्णता भोवतालच्या हवेसच मिळते. बंबात याच्या उलट अग्नी मध्ये व पाणी सभोवार असते. मधल्या नळकांड्यात जाळीवर विस्तव, त्यास चोहोंकडून पाण्याचा वेढा, राख पडावयास खाली वाट, त्याच वाटेने वर येणारा वारा, आणि धुरास जावयास वरचे तोंड. रशियन लोकांचा चहाच्या पाण्याचा सामोवार याच तत्त्वावर केलेला असतो.

धातूची निवडही अशीच विचारपूर्वक केलेली आहे. तांबे हे लोखंडाच्या सुमारे पाचपट उष्णतावाहक आहे. पुण्यास कसबा पेठेच्या बाजूस तांबट आळीत त्वष्टा कासार समाजाच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जे मठारकाम केले, ते निव्वळ शोभेचे नव्हे. हातोड्याच्या एकसारख्या ठोक्यांनी तांब्याचा मऊ पत्रा टणक होतो, आणि पाण्याचा भार व रोजचा ताप सोसावयास समर्थ होतो. त्यामुळे आजोबांच्या वेळचा बंब नातवाच्या मुंजीतही उपयोगी पडावा, यात नवल काहीच नाही.

मग उणे कोठे पडते? ते बंबाच्या वरच्या तोंडाशी. पेटलेल्या बंबाच्या तोंडावर वीतभर अंतरावरून क्षणभर हात धरून पाहावा. जो चटका बसतो तो आपण पैसे देऊन घेतलेल्या उष्णतेचा होय, आणि ती सरळ आकाशात चाललेली असते. दुसरी गळती ओल्या जळणाची. पावसाळ्यात भिजलेली ढलपी आधी स्वतःतले पाणी आटविण्यात आपली शक्ती खर्च करते, आणि मग उरले तर न्हाणीघरास देते. तिसरी गळती धुराची. धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असलाच पाहिजे, हे अनुमान तर्कशास्त्राचा विद्यार्थी पहिल्याच पाठात शिकतो. गृहस्थाने त्यापुढे एक पायरी जाऊन असेही अनुमान करावे की, जेथे काळा धूर आहे तेथे जळण पुरते जळलेले नाही. तो काळेपणा म्हणजे न जळता निसटलेले इंधनच होय.

या धुराचा दुसरा हिशेब पैशात होत नाही. बंब पेटविणारी व्यक्ती घरात सर्वांच्या आधी उठते. बहुतेक घरांत ती सून असे, कोठे विधवा आत्याबाई असत, कोठे मोलकरीण असे. फुंकणीने फुंकून डोळे लाल करून घ्यावयाचे, आणि घरची मंडळी जागी होण्यापूर्वी पाणी कढत ठेवावयाचे, हे काम पिढ्यान्‌पिढ्या इतके मुकाट्याने झाले की, ते काम आहे हेच कोणाच्या ध्यानी आले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरगुती धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लक्ष माणसे दगावली. हा आकडा मुख्यतः स्वयंपाकाच्या चुलींचा आहे हे खरे. तथापि न्हाणीघरातला धूर माजघरातल्या धुराहून निराळा नसतो. बंबाच्या पाण्याची गोडी वर्णन करणाऱ्यांपैकी किती जणांनी तो रोज स्वतः पेटविला होता, असा प्रश्न कोणी विचारल्यास त्याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या मनाशी द्यावे.

आधी हिशेब, मग खरेदी

दुकानात जाण्यापूर्वी घरी कागद-पेन्सिल घेऊन अर्धा तास बसावे, अशी आमची सर्वांस विनंती आहे. हे गणित मराठी चौथीच्या मुलासही करता येईल. एक लिटर पाण्याचे उष्णतामान एक अंशाने चढविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. घरात १० माणसे आहेत, प्रत्येकास २० लिटरांची एक बादली, नळाचे पाणी हिवाळ्यात २० अंशांचे, आणि अंगावर घेण्याजोगे पाणी ४० अंशांचे, असे धरू. म्हणजे २०० लिटर पाणी २० अंशांनी चढवावयाचे. दररोज ४,००० किलोकॅलरी उष्णता पाहिजे. एवढी उष्णता घरच्या माणसांच्या अंगी खरोखर लागते. याहून जे अधिक खर्च होईल ती सर्व गळती.

आता हीच उष्णता निरनिराळ्या मार्गांनी कशी पडते ते पाहू. हवेवर वाळलेल्या लाकडात किलोमागे सुमारे ३,५०० किलोकॅलरी असतात. चार भागांतला एकच भाग पाण्यास पोहोचतो असे धरल्यास रोज साडेचार किलोंवर लाकूड लागेल, म्हणजे महिन्यास सव्वाशे ते दीडशे किलो. आपल्या बंबात चारांतला एक भाग पोहोचतो की अधिक, हे ज्याचे त्याने तपासावे. ताजव्यावर तोलून लाकूड घ्यावे, बंबात किती लिटर पाणी मावते ते मोजावे, आणि तापविण्यापूर्वीचे व नंतरचे उष्णतामान पाहावे. घरातील शाळकरी मुलांस रविवारी हा प्रयोग करावयास लावल्यास पदार्थविज्ञानाचे एक प्रकरण त्यांस कायमचे पाठ होईल.

स्वयंपाकाच्या गॅसमध्ये किलोमागे सुमारे ११,००० किलोकॅलरी असतात. शंभरांतील ८० भाग पाण्यास मिळाले असे धरल्यास रोज साडेचारशे ग्रॅमांच्या आसपास गॅस जळेल. म्हणजे १४.२ किलोंची एक टाकी एकट्या स्नानासाठी महिनाभरात संपेल. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. त्या हिशेबाने रोज सुमारे पावणेपाच युनिटे, म्हणजे महिन्यास १४० युनिटे, आणि त्यात पुढे सांगितलेली गळती मिळवावयाची ती निराळीच.

हे आकडे अमुकच साधन घ्या असे सांगत नाहीत. ते एवढेच सांगतात की, बादली १५ लिटरांची केली तर प्रत्येक मार्गावर चौथाई खर्च वाचतो, आणि तोही एक पैसा न खर्चिता. अखंड वाहणाऱ्या फवाऱ्याखाली दहा मिनिटे उभे राहणाऱ्या चिरंजीवांस ही गोष्ट अवश्य वाचून दाखवावी.

विलायती बॉयलरचा धडा

आपल्याकडील अनेक कुटुंबांची मुले व नातवंडे आता विलायतेत संसार थाटून आहेत. ही जा-ये जुनी आहे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ सालीच स्थापन झाले. तेथून येणाऱ्या पत्रांत व फोनवर, घराचा जुना बॉयलर काढून नवा बसविला, अमुक इतका खर्च आला, अशी हकीकत पुष्कळदा असते. आपणांकडे बॉयलर म्हटले की गिरणी आठवते. पण तेथील थंडीत प्रत्येक घरास एक लहानसा बॉयलर असतो. तो गॅसवर पाणी तापवितो. ते पाणी नळ्यांतून खोल्याखोल्यांतील लोखंडी किंवा पोलादी पंख्यांत फिरते, खोल्या ऊबदार करते, आणि थंड होऊन पुन्हा बॉयलरात येते. तेथील लोकांनी या यंत्रात अलीकडे जी सुधारणा केली, तिच्यात आपल्या बंबासही लागू पडणारे एक तत्त्व आहे, म्हणून तिची माहिती येथे देतो.

जुन्या बॉयलरचा दोष आपल्या बंबाचाच होता; कढत धूर धुरांड्यातून तसाच बाहेर जाई. शंभर भाग गॅस जाळावा आणि त्यातील तीस-चाळीस भाग आकाशास अर्पण करावे, अशी पुष्कळ जुन्या यंत्रांची स्थिती होती. आता गॅस जळताना एक चमत्कार होतो. तेथील नळाच्या गॅसमध्ये मुख्य भाग मिथेनचा असतो, आणि एक किलो मिथेन जळला म्हणजे सव्वादोन किलो पाणी तयार होते. हे पाणी वाफेच्या रूपाने धुराबरोबर निघून जाते, आणि जाताना पाण्याची वाफ होण्यास लागलेली गुप्त उष्णताही घेऊन जाते. ही उष्णता गॅसच्या एकूण उष्णतेच्या सुमारे एकदशांश भरते. नव्या बॉयलरात धुराच्या वाटेवर खोल्यांतून थंड होऊन परत आलेल्या पाण्याच्या नळ्या आडव्या घातलेल्या असतात. त्यांवर धूर निवतो, वाफेचे पुन्हा पाणी होते, आणि तिच्या पोटातली उष्णता त्या नळ्यांस परत मिळते. भाताच्या तपेलीवरील थंड झाकणास आतून घाम येतो व झाकण तापते, तोच हा प्रकार. अशा यंत्रात शंभरांतील नव्वदांच्या आसपास भाग घरास मिळतात. इंग्लंड व वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून गॅसचा नवा बॉयलर, काही अपवाद सोडल्यास, याच जातीचा बसविला पाहिजे असा नियम झाला.

परंतु यात एक मेख आहे. परत येणारे पाणी सुमारे ५५ अंशांहून थंड असेल तरच धुरातील वाफेचे पाणी होते. पाणी फार कढत ठेवून खोल्या लवकर तापविण्याचा हव्यास धरला, की परतीचे पाणीही कढतच येते, वाफ तशीच निघून जाते, आणि नवे यंत्र जुन्यासारखे वागू लागते. यंत्र बदलले पण चाल बदलली नाही, तर पैसे गेले व बचतही गेली. ज्यांची मुले त्या देशात आहेत त्यांनी, बॉयलरमधील पाण्याचे उष्णतामान किती अंशांवर लावले आहे, असा प्रश्न फोनवर अवश्य विचारावा. खिडक्यांच्या फटी बुजविल्या काय, माळ्यावर लोकरीचा थर घातला काय, हेही विचारावे. कारण घरच गळके असेल, तर उत्तम बॉयलर म्हणजे फुटक्या घागरीत भरलेले गंगोदकच.

विजेचा गिझर

आता आपल्या न्हाणीघराकडे वळू. गिझर हे नाव आइसलंडातील ‘गेसीर’ या कढत पाण्याच्या कारंज्यावरून आले आहे. बेंजामिन वॉडी मॉन या लंडनच्या चित्रकाम करणाऱ्या गृहस्थाने १८६८ साली गॅसवर चालणारे आपले साधन या नावाने प्रसिद्ध केले. आपल्याकडे ते नाव विजेच्या टाकीस चिकटले.

विजेच्या गिझरात घातलेल्या विजेची जवळजवळ सर्व उष्णता पाण्यास मिळते, हे खरे. म्हणूनच तो निर्दोष वाटतो. परंतु दगडी कोळशावर चालणाऱ्या विद्युत्केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम एकतृतीयांशाची वीज होते. आपल्या न्हाणीघरातील धूर नाहीसा झाला तो चंद्रपूर-कोराडीच्या धुरांड्यांत गेला, हे विसरता कामा नये. तथापि त्या धुराने आपल्या घरातील गृहिणीचे डोळे चुरचुरत नाहीत, हा लाभ लहान नव्हे.

घरातल्या घरात होणारी गळती टाकीच्या अंगातून होते. तापलेले पाणी उभे राहिले की ते निवते, आणि यंत्र ते पुन्हा पुन्हा तापविते. टाकीवर जे तारे छापलेले असतात ते मुख्यतः या निवण्याच्या मापावरून दिलेले असतात. जितके तारे अधिक तितके पाणी सावकाश निवते. यावरून एक गोष्ट सहज कळेल. जो मनुष्य स्नानापूर्वी गिझर लावून नंतर बंद करतो त्यास ताऱ्यांचा लाभ थोडा, आणि ज्याच्या घरी गिझर दिवसभर चालू असतो त्यास फार. म्हणून तारे विकत घेण्याआधी बटण बंद करावयाची सवय लावावी, कारण ती फुकट मिळते.

एकत्र कुटुंबाने आणखी एक गणित करावे. २५ लिटरांच्या टाकीत पाणी २० वरून ६० अंशांवर नेले व त्यात विसण घातले, तर ४० अंशांचे ५० लिटर पाणी होते. ते अडीच माणसांस पुरते. दोन किलोवॉटच्या गिझरास ते तापविण्यास ३५ मिनिटे लागतात. म्हणजे दहा माणसांच्या स्नानास चार टाक्या आणि दोन तास वीस मिनिटे! शाळा-कचेरीच्या गडबडीत ही गोष्ट आधी ध्यानात घेतली नाही तर दररोज सकाळी न्हाणीघराच्या दाराशी महाभारत घडते. बंबाची थोरवी येथे कळते. त्यात एकदा विस्तव पडला की वरून पाणी ओतीत जावे व खालून तोटीने काढीत जावे. मोठ्या कुटुंबाने मोठी टाकी घ्यावी, किंवा स्नानांचा क्रम ठरवून घ्यावा. एकामागून एक स्नाने झाली तर टाकी निवावयास अवसरच मिळत नाही, आणि तीही बचतच होय. विहिरीचे किंवा कूपनलिकेचे जड पाणी असेल तर आत क्षारांचे कवच बसते व तापण्यास वेळ लागतो, म्हणून टाकी वेळोवेळी उघडून साफ करवावी.

गॅसचा गिझर : एक इशारा

गॅसचा गिझर लहान, स्वस्त व तत्काळ ऊन पाणी देणारा असल्यामुळे पुष्कळ घरांत आला आहे. हिशेबाच्या दृष्टीने तो वाईट नाही. परंतु त्याविषयी आम्ही जे सांगणार आहो ते घरातील प्रत्येक माणसाने वाचावे अशी आमची कळकळीची इच्छा आहे.

बंद न्हाणीघरात गॅस जळू लागला म्हणजे तो तेथील प्राणवायू खातो. प्राणवायू अपुरा पडला की ज्वलन अर्धवट होते, आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निर्माण होतो. यास रंग नाही व वास नाही. बंबाचा धूर डोळ्यांत जातो, खोकला आणतो, आणि दार उघडावयास लावतो. हा वायू कसलीही सूचना देत नाही. रक्तातील जो घटक प्राणवायू वाहून नेतो, त्यास हा वायू प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. प्रथम डोके जड होते, घेरी येते, मळमळते. स्नान करणारास वाटते की पाणी फार कढत झाले असावे. तो जरा टेकतो, आणि आतून कडी लावलेली असते. हिवाळ्याच्या दिवसांत अशा मृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. त्या वाचून हळहळण्यापेक्षा आजच आपल्या घरचे न्हाणीघर पाहावे.

नियम सोपे आहेत. गॅसचा गिझर न्हाणीघरात कदापि नसावा. तो बाहेर उघड्या हवेत, सज्जात किंवा भिंतीपलीकडे असावा, आणि आत केवळ पाण्याची नळी यावी. त्याचा धूर खिडकीतून परत आत येणार नाही असे पाहावे. न्हाणीघराचा झरोका थंडीसाठी कागद चिकटवून बुजवू नये. ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली म्हणजे दुरुस्ती करणारास बोलावावे. आत गेलेले माणूस हाकेस ओ देत नसेल तर भिडेस न पडता दार फोडावे, गॅस बंद करावा, त्यास मोकळ्या हवेत आणून तत्काळ दवाखान्यात न्यावे. कडी मोडल्याचा खर्च पाचपन्नास रुपयांचा असतो.

सूर्य आणि हवा

ज्या देशात आठ महिने ऊन पडते, तेथे ऊन पाण्यासाठी जळण जाळावे लागावे, हा एक विनोदच म्हणावयाचा. सूर्याच्या उष्णतेस काचेच्या पेटीत कोंडण्याचा प्रयोग जिनीव्हाच्या द सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७६७ साली केला. अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केंप याने १८९१ साली सौर बंबाचे पेटंट घेतले. त्याच्या बंबातील पाणी रात्री निवून जाई. १९०९ साली कॅलिफोर्नियात विल्यम बेली याने तापणारी पेटी व साठविणारी टाकी वेगळ्या केल्या, टाकी वर ठेवून तिला ऊबदार वेष्टण घातले, आणि सकाळीही ऊन पाणी मिळू लागले. आज गच्च्यांवर जी साधने दिसतात त्यांची मूळ कल्पना हीच आहे. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते, थंड पाणी खाली उतरते, आणि पंपावाचून पाणी आपोआप फिरत राहते.

सपाट पेटीच्या साधनास १०० लिटर पाण्यामागे साधारणतः दोन चौरस मीटर पेटी लागते. तिचे तोंड दक्षिणेस करून ती कलती बसवितात, आणि दुपारची सावली तिच्यावर पडता कामा नये. स्वच्छ ऊन पडल्यास पाणी ६० अंशांपर्यंत तापते; म्हणजे विसण घालून शंभराचे दोनशे होतात, आणि आमच्या उदाहरणातील दहा माणसांचे काम भागते. आषाढ-श्रावणात मात्र जोडीस दुसरे साधन ठेवावेच लागते.

येथेही गळती आहे, आणि ती नळीत आहे. गच्चीवरून खाली आलेल्या १५ मिलिमीटर व्यासाच्या नळीच्या दर वीस मीटरांत साडेतीन लिटर पाणी असते. रात्रभरात ते थंड होते, आणि सकाळी पहिला मनुष्य तेवढे पाणी ओतून देतो. पाच जणांनी तास तास अंतराने स्नाने केली तर पाचदा ओततो. ते बादलीत धरून झाडांस किंवा धुण्यास घ्यावे, नळीवर वेष्टण घालावे, आणि स्नाने ओळीने उरकावी. सदनिकांच्या इमारतीत गच्ची सर्वांची सामाईक असते. तेव्हा शेजाऱ्यांशी बोलणे करून जागेचा लेखी ठराव करून घ्यावा, नाहीतर पाणी तापण्याऐवजी माथी तापतात.

ज्यांस गच्ची नाही त्यांच्यासाठी उष्णता-पंप हे साधन आता मिळू लागले आहे. त्याचे तत्त्व शीतपेटीच्या उलट आहे. शीतपेटी आतली उष्णता बाहेर टाकते. हे यंत्र बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून पाण्यात घालते. ते वीज उष्णता करण्यासाठी नव्हे, तर उष्णता वाहण्यासाठी खर्च करते, म्हणून एक युनिट विजेत तीन युनिटांच्या आसपास उष्णता पदरात पडते. आमच्या उदाहरणातील महिन्याची १४० युनिटे पन्नासांच्या घरात येतील. यंत्राची किंमत मात्र गिझराच्या कितीतरी पट असते. दोन माणसांच्या घरी ती वसूल होण्यास फार वर्षे लागतील, दहांच्या घरी लवकर होईल. एकत्र कुटुंबाचा हा एक लाभ. हिशेब करताना एक गोष्ट ध्यानात धरावी. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढत जातो, म्हणून वाचलेली युनिटे सर्वांत महाग टप्प्यातली असतात. बचतीस सरासरी दराने नव्हे, तर त्या वरच्या दराने गुणावे.

निवड कशी करावी

आता सारांश सांगतो. प्रथम घरचे ऊन पाणी किती लिटर लागते ते मोजावे. दुसरे, ते अनाठायी जाते काय हे पाहावे. बादली, नळी व बटण यांतच पुष्कळ काम होते. तिसरे, गच्ची व ऊन असेल तर आधी सूर्याचा विचार करावा. नसेल आणि कुटुंब मोठे असेल तर उष्णता-पंपाचा. कुटुंब लहान असेल तर साधा, चांगल्या वेष्टणाचा गिझर पुरे. चौथे, गॅस घ्यावयाचा असेल तर तो बाहेर बसविण्यास जागा आहे काय, हे किमतीच्या आधी विचारावे. जागा नसेल तर तो विषय तेथेच सोडून द्यावा. पाचवे, बसविणारा कारागीर माहितगार आहे व पुढेही बोलावल्यास येईल, याची खात्री करून घ्यावी.

राहिला बंब. तो मोडीत घालण्याची घाई करू नये. तांब्याला मोल आहे हे खरे, पण मोडीच्या तराजूत मठारकामाचे वजन होत नाही. अंगण किंवा मागील दारी मोकळी जागा असेल, तर नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानास तो घासूनपुसून पेटवावा. एक दिवस हौसेने काम करावयास घरातील सर्व पुरुषमंडळींनी पहाटे उठावे, सुकी बंबफोड आणावी, विस्तव स्वतः घालावा, आणि सासूसुनांस ऊन पाणी आयते द्यावे. वर्षाचे उरलेले दिवस पाणी कशानेही तापो. ज्या घरात ते तापविताना कोणाचे डोळे लाल होत नाहीत, कोणाची झोपमोड होत नाही आणि कोणाच्या जिवास धोका नाही, त्याच घरची व्यवस्था खऱ्या अर्थाने सुधारली असे आम्ही समजतो.